दुखण्याची बोटं

हर्षालीला कामावर घेताना शेखर सरांनी एकच अट घातली होती. पेशंटसमोर तोंड दगडासारखं ठेवायचं. हसायचं नाही, अरेरे म्हणायचं नाही, "छान!" तर अजिबात म्हणायचं नाही. प्रश्न विचारायचा, आकडा घ्यायचा आणि नमस्कार करून पुढच्या बाईला बोलवायचं. आता ही अट आपण कोणाला घालतोय, याचा सरांनी जरा विचार करायला हवा होता. हर्षाली मनमाडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. तिच्या घरी भाजीवाल्याची सगळी खबरबात घेतल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा आत येत नसे. फिजिओथेरपी शिकून ती नाशिकला आली, तेव्हा शिक्षणाबरोबर ही सवयही सोबत आणली.

काम होतं संशोधनाचं. ॲक्युपंक्चरनं गुडघेदुखी खरंच कमी होते का, हे गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत तपासून बघायचं चाललं होतं. द्राक्षबागांत राबणाऱ्या बाया निवडल्या होत्या, कारण दिवसभर उभं राहून त्यांचे गुडघे चाळिशीतच बोलायला लागतात. निम्म्या बायांना खरी सुई आणि निम्म्यांना खोटी. खोटी सुई बोथट असते. कातडीला टेकते, टोचल्यासारखं वाटतं, पण आत न जाता ती मागे आपल्याच दांडीत सरकते. कोणाला कुठली सुई, हे फक्त सुया टोचणाऱ्या निकिता मॅडमना ठाऊक. बायांना माहीत नाही, सरांना नाही, आकडे घेणाऱ्या हर्षालीलाही नाही. माणसाला नुसतं झोपवून, कोणीतरी मायेनं हात लावला तरी थोडं बरं वाटतंच. ते वजा करून सुईच्या वाट्याला किती उरतं, ते सरांना काढायचं होतं. सगळं शास्त्रशुद्ध होतं. फक्त गुडघ्याच्या पेशंटांसाठी जागा दुसऱ्या मजल्यावर घेतली होती आणि लिफ्ट चालली तर चालली.

फुलाबाई पहिल्यांदा आली ती कठडा दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. ती सुरगाण्याकडची. नवरा गेल्यापासून लेक मीना आणि जावयाबरोबर गिरणाऱ्याजवळच्या एका बागेतल्या खोलीत राहायची. पावसाळ्यात भाताच्या आवणीपुरती गावी जायची, आणि रोपं लावून झाली की जीपमध्ये दाटीवाटीनं बसून परत यायची. बागेत तिचं काम विरळणीचं. मान वर करून घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढत राहायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"मावशी," हर्षालीनं पाठ केलेला प्रश्न विचारला, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तर गुडघा किती दुखतो?"

"दुखतो."

"किती?"

"लय."

"म्हणजे दहात किती?"

फुलाबाईनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. एवढी शिकलेली पोर, आणि दुखणं काय पायलीनं मोजतात? हर्षालीनं मग चेहऱ्यांचा तक्ता पुढे केला. डावीकडे हसरा चेहरा, उजवीकडे रडका, मध्ये सगळ्या पायऱ्या. तुमचा चेहरा यातला कुठला? फुलाबाईनं तक्ता लांब धरून बघितला आणि रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्याला कोणी मारला?"

दगडाला हसू फुटलं. ते कसंबसं आवरून हर्षालीनं स्वतःचे दोन्ही हात पसरले. "हे बघा. ही दहा बोटं म्हणजे सगळं दुखणं. तुमचं जेवढं असेल तेवढी बोटं उभी ठेवा, बाकीची मिटा."

हे फुलाबाईला पटलं. तिनं दोन्ही हात वर केले, विचार केला आणि दोन बोटं मिटली. आठ. त्या दिवसापासून गिरणाऱ्याच्या सगळ्या बाया बोटांवर दुखणं सांगू लागल्या. सरांनाही युक्ती आवडली. हर्षाली दोन दिवस हवेत होती.

फुलाबाईला तिथं यायला आवडायचं. पंख्याखाली स्वच्छ चादरीवर पडायचं, निकिता मॅडम न बोलता गुडघ्याभोवती सुया लावणार, आणि मग अर्धा तास कोणी हाक मारणार नाही. "आख्ख्या जन्मात मला दिवसाची अशी झोप मिळाली नाय, बाय," ती हर्षालीला म्हणायची. बोटं आठाची सात झाली, मग सहा. सुई खरी असेल किंवा खोटी, झोप तर खरी होती. सहावर गाडी थांबली आणि काही आठवडे तिथंच राहिली.

त्याच सुमारास एके सकाळी सरांनी हर्षालीला सांगितलं की या अभ्यासातून काही चांगलं निघालं, तरच पुढचा मोठा अभ्यास मंजूर होईल. झाला तर तिची जागा राहील, नाहीतर मार्चअखेर सगळ्यांनाच रामराम. सरांनी सरळ मनानं सांगितलं. पण नाशिकची नोकरी गेली की हर्षालीला मनमाडला परत जायचं होतं, आणि मनमाडला आत्यानं एक स्थळ तयार ठेवलं होतं, ज्याच्याबद्दल "मुलगा शांत आहे" यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नव्हतं.

"आज तोंड का उतरलाय, बाय?" फुलाबाईनं खुर्चीत बसता बसता विचारलं.

इथं नियमाप्रमाणे उत्तर होतं, "गुडघा किती दुखतो?" पण ज्या पोरीला गप्प बसवता येत नाही, तिला कोणी मायेनं विचारलं तर काय होणार? हर्षालीनं सगळं सांगून टाकलं. मार्च, नोकरी, आत्या, शांत मुलगा. आणि शेवटी स्वतःच्याच रडगाण्याची लाज वाटून हसत म्हणाली, "आता तुमच्याच बोटांवर माझी नोकरी आहे, मावशी. तेवढ्या लवकर बऱ्या व्हा!"

फुलाबाई हसली नाही. "तुझं काम अडलाय व्हय?"

"अडलंय तर!"

"बरं," फुलाबाई म्हणाली, आणि त्या दिवसापुरती सहा बोटं दाखवून झोपायच्या खोलीत गेली.

पुढच्या खेपेला तिनं चार दाखवली. त्यापुढच्या खेपेला तीन, आणि मग दोन. फुलाबाईच नाही, गिरणाऱ्याहून तिच्याबरोबर येणाऱ्या बयाबाईची आणि बागेतल्या मजुरांच्या टोळीतल्या इतर बायांचीही बोटं भराभर मिटायला लागली. खरी-खोटी सुई निम्मीनिम्मी वाटलेली, आणि बऱ्या मात्र सगळ्याच. शेखर सर कपाळाला आठी घालून म्हणाले, "गिरणाऱ्याच्या बायांचे आकडे फारच छान येतायत." त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा कोडं जास्त होतं. हर्षालीला आनंद तेवढा ऐकू आला.

एका दुपारी फुलाबाई दोन बोटं दाखवून, सुया लावून घेऊन निघून गेली. हर्षाली पाणी भरायला बाहेर आली आणि तिनं जिन्यात वाकून पाहिलं. खालच्या वळणावर फुलाबाई पायरीवर बसली होती. दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती. थोड्या वेळानं ती उठली, कठडा धरला आणि आडवं पाऊल टाकत एकेक पायरी उतरली, अगदी पहिल्या दिवशी चढली होती तशी. लुगड्याच्या पदरानं तिनं तोंड पुसलं आणि दिसेनाशी झाली.

हर्षालीनं हे पाहिलं. पुढे तिला स्वतःला कितीही समजावता आलं, तरी आपण पाहिलं नव्हतं असं म्हणता आलं नाही. तिथल्या तिथे तिनं ठरवलं की झोपून उठल्यावर सांधे आखडतातच. ती तर ते शिकलीच होती. पुढच्या आठवड्यात नेहमीचा प्रश्न आला, "दुसरी कुठली दुखण्याची गोळी घेता का?" फुलाबाई "नाय" म्हणाली, जरा घाईनं. हर्षालीनं त्याहून जास्त घाईनं पुढचा प्रश्न विचारला. खोदून विचारलं असतं तर काय निघेल, याचा तिला वास आला होता. म्हणूनच तिनं विचारलं नाही.

फोन आला तेव्हा ती डबा खात होती. "ताई, मी मीना, फुलाबाईची लेक. आईला रक्ताची उलटी झाली. तुमचाच नंबर होता फोनात."

संशोधनातल्या बाईला काही झालं तर बघायची जबाबदारी संस्थेची. सरांनी धावपळ करून तिला जवळच्या रुग्णालयात दाखल केलं. दुर्बीण घालून पाहिलं तर पोटात मोठा व्रण, त्यातून रक्त. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "वेदनाशामक गोळ्या किती दिवस चालू आहेत?" "नाहीतच," असं हर्षाली ठामपणे म्हणणार होती. तेवढ्यात मीनानं कमरेच्या बटव्यातून एक चुरगळलेली पुडी काढली. त्यात सुट्ट्या गोळ्या होत्या, एक पांढरी, एक लाल, एक अर्धी तोडलेली.

"मेडिकलवाला देतो अशी," ती म्हणाली. "रोज दोनदा. तुमच्याकडं यायचा दिवस असला का सकाळच्याला अजून एक. त्याबिगर तिला तो जिना चढवत नव्हता."

डॉक्टरांनी गोळ्या तळहातावर घेऊन पाहिल्या आणि ते त्या घेऊन आत गेले.  हर्षाली बाकावर बसली.

"मला का नाही सांगितलं, मीना? मी दर वेळी विचारत होते."

"तुम्हाला कसं सांगणार? तुमचंच तर काम चालू व्हतं."

"माझं काम?"

मीनानं तिच्याकडे पाहिलं. हिला खरंच कळत नाही की ही कळून न कळल्यासारखं करते, असं ते पाहणं होतं. "आमच्याकडं आवणीला सावड असती, ताई. एकाची आवणी अडली का समदे त्याच्या शेतावर जातेत. त्याचा झाला का मंग दुसऱ्याचा. पैशाची गोष्टच नाय. आई त्या दिवशी घरी आली आन् टोळीतल्या बायांना म्हनली, दवाखान्यातल्या पोरीचं काम अडलाय. पोर आपल्याशी नीट बोलती, पानी देती, मावशी म्हनती. आपुन सावडीला जायचा. बोटं कमी करायची."

"सगळ्यांनी?"

"समद्यांनी. बयाबाई म्हनली, माझा गुडघा तर खरंच कमी झालाय. आई म्हनली, मंग अजून कमी दाखव."

हर्षालीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. त्या बाया दिवसाची मजुरी बुडवून, बस बदलून, दुखरे गुडघे घेऊन दुसरा मजला चढल्या होत्या, त्या तिचं शेत लावून द्यायला. आणि फुलाबाई त्यात सगळ्यात पुढे होती. पोट जळत होतं तरी ती गोळ्या गिळत होती, कारण चेहऱ्यावर दुखणं दिसलं तर बोटं खोटी पडतील. हे सगळं हर्षालीच्या एका थट्टेवर उभं होतं. थट्टा तरी कसली? बोलताना तिला आत कुठंतरी वाटलंच होतं की बाईनं खरंच थोडी बोटं कमी करावीत. ते आठवून तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलली. जिन्यातलंही सांगितलं. तेवढं एक वगळावं असं बोलता बोलता तिच्या मनात आलं होतं, पण तोवर ते तोंडातून गेलेलं होतं. निदान यावेळी तिची सैल जीभ कामी आली.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"बयाबाईचा गुडघा खरंच कमी झाला होता म्हणालीस?"

"हो."

"किती?"

"माहीत नाही, सर."

"आता ते कळणार नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फुलाबाईची सुई खरी होती की खोटी, हे निकिताला आता विचारता येईल. विचारून करू काय? सुईनं काय झालं, गोळीनं काय झालं आणि तुझ्यासाठी काय झालं, हे कसं वेगळं करायचं?"

त्यांनी खुर्ची दाखवली, पण हर्षाली उभीच राहिली.

"बाया तुझ्याशी बोलतात म्हणून मी तुला त्या खोलीत बसवलं," सर म्हणाले. "आणि बसवल्यावर सांगितलं, दगड हो. माझंही चुकलंच." मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "पण जिन्यात तू पाहिलंस. तेव्हा येऊन सांगितलं असतंस, तर ती आज तिथं नसती. बाकीचं मी समजू शकतो, हे नाही."

त्यांनी त्याच दिवशी अभ्यास थांबवला. देखरेख समितीला कळवलं, आणि गिरणाऱ्याच्या एकूण एक बाईला बोलावून, गोळ्यांबद्दल विचारून, पोट तपासून घेतलं. त्या खोलीत हर्षालीनं पुन्हा बसायचं नव्हतं. महिना भरला की तिला जायचंच होतं. खरं तर हे ऐकून तिला थोडं सुटल्यासारखं वाटलं. नोकरी गेली म्हणजे शिक्षा झाली, शिक्षा झाली म्हणजे फिटलं, असं काहीतरी मन म्हणायला लागलं. रुग्णालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत ते टिकलं.

फुलाबाई खाटेवर लहान झाल्यासारखी दिसत होती. एका हाताला सलाईन, ओठ सुकलेले. हर्षालीला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"निजून राहा, मावशी." हर्षालीनं तिचा मोकळा हात धरला. "माझं चुकलं. मी तुम्हाला नोकरीचं बोलायलाच नको होतं. मी सरांना सगळं सांगितलंय. आता माझं काही काम नाही, नोकरी नाही, आकडेसुद्धा नाहीत. आता फक्त खरं सांगायचं. डॉक्टरांना, मला, सगळ्यांना. सांगाल ना?"

"राहू दे, बाय," फुलाबाई म्हणाली आणि तिचा हात थोपटला.

हर्षालीला वाटलं, कळलं तिला. पण आता काही काम नाही, असं सावडीला आलेल्या बायांना घरधनीण म्हणतच असते. दमला असाल, राहू द्या आता, बाकीचं आमचं आम्ही बघतो. ती म्हणाली म्हणून कोणी हातातली रोपं टाकून घरी जात नाही. उलट म्हणणारी चांगल्या घरची आहे, एवढं समजतं, आणि शेवटचं खाचर होईपर्यंत बाया वाकलेल्याच राहतात. हे मीनाला ठाऊक होतं, बयाबाईला ठाऊक होतं. हर्षालीला सांगायला तिथं कोणी नव्हतं.

रक्त थांबलं होतं. तरी डॉक्टरांना काळजी होती. व्रण खोल आहे, ते म्हणाले, फुटला तर पोट उघडावं लागेल, आणि त्यात उशीर झाला तर काही सांगता येत नाही. "पोटात दुखायला लागलं, वाढलं, की त्याच मिनिटाला आम्हाला सांगायचं. त्या गोळ्या आता बंद आहेत, म्हणजे दुखणं दबणार नाही. तिचं दुखणं हीच आमची मुख्य खूण आहे. तिला विचारत राहा."

विचारत राहायचं काम हर्षालीनं आपण होऊन घेतलं. ती रोज येऊन बसायची. मीनाला बागेत खाडे करून चालणार नव्हतं. पहिले दोन दिवस बरे गेले. फुलाबाई पेज प्यायली, गावच्या गोष्टी सांगितल्या, हर्षालीला आत्याच्या स्थळाबद्दल विचारलं. "शांत हाय तं बघ तरी एकदा. तुझ्यासमोर शांतच टिकल," असंही म्हणाली. हर्षाली हसली, आणि आपण इथं बसून हसतोय याचंच तिला अपराधी वाटलं. पोटाचं विचारलं की फुलाबाई मोकळ्या हाताचं एक बोट वर करायची. कधी तेही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मीना अजून बागेतून आली नव्हती. वॉर्डात ऊन सरकत खाटेपर्यंत आलं होतं. फुलाबाई डोळे मिटून पडली होती. हर्षालीनं पडदा ओढला आणि वळली, तर तिला दिसलं की मावशीच्या कपाळावर घाम आहे. पंखा जोरात चालू होता.

"मावशी, दुखतंय का?"

फुलाबाईनं डोळे उघडले. आणि उत्तर द्यायच्या आधी तिनं हर्षालीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट, सावकाश, एखाद्या घरी आपण जेवायला थांबावं की निघावं, हे घरधनिणीच्या तोंडावरून बघावं तसं. दर आठवड्याला त्या खोलीत, त्या खुर्चीत बसून ती असंच बघायची. हर्षालीला ते आज पहिल्यांदा समजलं. आपलं तोंड दगडाचं करायचा तिनं आता प्रयत्न केला. जमलं नाही. ते घाबरलेलं होतं आणि सगळं चांगलं असावं म्हणून गयावया करत होतं.

फुलाबाईनं हात वर केला. दोन बोटं.

"खरं सांगा मावशी, माझ्या गळ्याची शपथ."

दोन बोटं तशीच राहिली. सलाईनचा हात मात्र चादर मुठीत आवळून बसला होता, इतका की नळीत रक्त मागे चढलं होतं.

हर्षाली दारापर्यंत धावली आणि ओरडली. सिस्टर आल्या. "मावशीचं दुखणं वाढलंय," हर्षाली म्हणाली. "ती दोन म्हणतेय. दोन नाहीत. तिच्यावर विश्वास ठेवू नका." सिस्टरनी फुलाबाईच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं झालं होतं. नुसत्या हातानं फुलाबाईचे गुडघे, ते दुखरे गुडघे, झटक्यात वर आले, पण तोंडातून आवाज निघाला नाही. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाल्या. मागोमाग कोणीतरी चाकांची खाट ओढत आणली आणि वॉर्डात पळापळ झाली.

हर्षाली खाटेशी उभी राहून रडत होती. तिला ते थांबवता येईना. फुलाबाईची नजर त्या सगळ्या गडबडीतून तिच्यावरच होती. पोरगी एवढी रडते म्हणजे आपल्याच हातून काहीतरी राहिलं, असं तिला वाटलं असावं. तिनं मान जरा वर केली.

"दोन बी जास्त व्हतात का, बाय?" तिनं विचारलं, आणि उभ्या दोन बोटांतलं एक मिटलं.